वाचकांचे प्रश्न : वर्षारण्यातील पॅरोनेला पार्क

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जाणार आहोत. केर्न्सजवळच्या वर्षारण्यात एका गढीवजा वास्तूचे अवशेष आहेत, असे तो सांगतो. वास्तू शंभर वर्षांचीही नाही, मग तिची इतकी पडझड कशी झाली? सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाने तेथे मुद्दाम जावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य जावे. क्वीन्सलँडमधील मीना क्रीक येथील हे पॅरोनेला पार्क केर्न्सच्या दक्षिणेला मोटारीने साधारण दीड तासावर आहे. लढाईशी त्याचा काहीही संबंध नाही. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील होसे पॅरोनेला १९१३ साली ऑस्ट्रेलियात आले, त्यांनी ऊसतोडणी केली, उसाची शेते घेऊन-विकून पैसा जोडला आणि १९२९ साली धबधब्यालगतची ही जमीन विकत घेऊन तेथे स्वतः राबून बुरूजवजा इमारती, जिने आणि कारंजी उभारली. १९३५ साली ही जागा लोकांसाठी खुली झाली. येथे चित्रपट दाखवले जात, नाच होत. त्याआधीच, १९३३ साली, धबधब्याच्या पाण्यावर त्यांनी वीजही निर्माण केली होती.

पडझडीची ठळक कारणे सर्वांना दिसतात. १९४६ च्या पुरात वरून वाहत आलेल्या ओंडक्यांनी मोठे नुकसान केले, १९७९ साली आग लागली आणि २००६ साली लॅरी चक्रीवादळाचा तडाखा बसला. माझ्या मते मात्र खरे कारण भिंतींच्या पोटातच आहे. बांधकाम काँक्रीटचे असून त्यात आधाराला जुने लोहमार्गाचे रूळ घातलेले आहेत. शेजारच्या इनिसफेल गावी वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या ओलीत काँक्रीटमधले लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि वरचा थर आतून फोडत जाते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या तटांच्या पोटात असे लोखंड नसते, म्हणून शतकानुशतकांचा पाऊस सोसूनही ते उभे दिसतात. गिर्यारोहकाच्या नजरेने पाहाल तर हा फरक आपल्याला तेथे पावलोपावली जाणवेल.

भिंतींचा गिलावा अगदी जवळून पाहा. तो हातांनी लावलेला असल्याने त्यात बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात, आणि ज्या माणसाने हे सारे उभारले त्याच्या इतक्या जवळ आपल्याला दुसरी कोणतीही खूण नेत नाही. सध्या तेथील धोरण पुन्हा नवे बांधण्याचे नाही, आहे ते जपण्याचे आहे, आणि ते मला मनापासून पटते.

ऑगस्ट हा तेथला कोरडा हंगाम असल्याने आपली वेळ उत्तम आहे. डिसेंबर ते एप्रिल पावसाचा जोर असतो. नदीकाठापर्यंत उतरणारा जिना मोठा आहे आणि शेवाळामुळे पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घालावेत, डासांचे मलम बरोबर ठेवावे आणि भिंतींना टेकू नये. शक्य असल्यास सायंकाळची फेरीही घ्यावी, कारण त्या वेळी इमारती दिव्यांनी उजळतात.