बोराच्या आठळ्या उकळू नका

साक्रीकडील ज्या सदस्याने चारशे पिशव्यांत गावरान बोराच्या आठळ्या लावल्या आणि महिना उलटूनही जेमतेम पंधरा रोपे दिसत असल्याचे लिहिले आहे, त्यांची व्यथा वाचताना मला माझीच जुनी फजिती आठवली.

मेहरुण जातीच्या बोराचे डोळे भरण्यासाठी, म्हणजे कलम करण्यासाठी, मला गावरान खुंट (ज्यावर कलम बांधतात ती रोपे) हवे होते. आठळ्या मी त्याच हिवाळ्यात स्वतः वेचलेल्या होत्या. तरीही खात्री करावी म्हणून एका कार्यालयात विचारले, तर ‘कठीण कवचाचे बी आहे, दहा मिनिटे उकळा’ असे सांगण्यात आले. मी चुलीवर अक्षरशः दहा मिनिटे उकळल्या आणि पुढे पाच आठवडे रिकाम्या पिशव्यांना पाणी घालत बसलो. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मान वर न करता ‘बियाणे जुने असेल’ एवढेच उत्तर मिळाले. सुबाभळीसारख्या शेंगवर्गीय झाडांच्या बियांवर गरम पाणी ओतून ते निवू देतात, कारण तेथे बीची सालच पाणी आत शिरू देत नाही. बोराचे टणक कवच मात्र फळाचाच भाग असून खरे बी आत पातळ सालीत असते, आणि उकळल्यावर तेच शिजते. हा फरक सांगायला दोन मिनिटे पुरली असती. माझा मात्र अख्खा हंगाम गेला.

त्यानंतर मी फक्त आठळ्या फोडूनच लावतो. लिटरभर पाण्यात साधारण १७० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठळ्या टाकाव्यात, तरंगतील त्या फेकाव्यात आणि बुडालेल्या स्वच्छ धुऊन सावलीत सुकवाव्यात. मग पाट्यावर कडेने उभी धरून हलक्या हातोडीने टिचकवावी. एकीतून कधी एक, कधी दोन मगज (आतले खरे बी) निघतात. बोटे सांभाळावीत. मगज त्याच दिवशी सेंटिमीटरभर खोल लावावा, म्हणजे आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. आम्लाची प्रक्रियाही करतात, पण घरी कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात मी शास्त्रज्ञ नाही, आणि हा अनुभव एका शेतापुरताच आहे.

निव्वळ काळी माती भरली असल्यास वरचा थर कडक होतो, म्हणून पोयटा (गाळाची माती), वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. पिशवी उंच घ्यावी, कारण बोराचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते. फोडलेला मगज उंदरांना फार आवडतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपण आठळ्या उकळल्या नसतील, तर पिशव्या इतक्यात ओतू नयेत. पाच-सहा आठळ्या उकरून फोडाव्यात आणि मगज कापून पाहावा. आतून पांढरा व घट्ट असेल, तर उरलेल्या सर्व काढून, फोडून त्याच पिशव्यांत पुन्हा लावता येतील.