मेडिटेशन क्लासमधे लाइव्ह अँबियंट म्युझिक वाजवायला कोणती मोबाइल अ‍ॅप्स घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की योगाच्या मॅडमनी शेवटच्या अर्ध्या तासाच्या ध्यानाला लाइव्ह अँबियंट, म्हणजे मागे संथ चालू राहणारं, काहीतरी वाजवाल का म्हणून विचारलंय, हार्मोनियम थोडीफार येते, हातात अँड्रॉइड फोन आहे आणि वेळ पडली तर सेकंडहँड आयपॅड घ्यायची तयारी आहे. मी पुण्यात असल्या क्लासना वाजवतो, व्यवसाय म्हणून नाही, हौस म्हणून, त्यामुळे जे वापरतो तेच सांगतो.

छोटं उत्तर हवं असेल तर अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड आणि कोआला सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून बोटाने वाजवायचं अ‍ॅप), या दोनात सगळं भागतं. आयपॅड घेतलात तर फुकटातलं गॅरेजबँड आधी वापरून बघा आणि मग वाटलं तर एयूएम (मिक्सरचं अ‍ॅप). बस. यूट्यूबवर 'अँबियंटसाठी बेस्ट २० अ‍ॅप्स' छाप व्हिडिओ बघून फोन भरू नका, कारण त्यातली बरीचशी अ‍ॅप्स घरी हेडफोन लावून एकट्याने खेळायला मस्त असतात पण तीस माणसं डोळे मिटून बसलेली असताना उपयोगाची नसतात.

अ‍ॅप बघायच्या आधी मॅडमना एक विचारून घ्या, ध्यान नक्की कुठल्या पद्धतीचं आहे. विपश्यनावाले असतील (इगतपुरीच्या धम्मगिरीची परंपरा) तर तिथे साधनेत वाद्यसंगीत नसतंच, विषय संपला. ओशोंचं डायनॅमिक किंवा कुंडलिनी असेल तर त्याचं म्युझिक टप्प्याटप्प्याने आधीच ठरलेलं आहे, कुंडलिनीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे, त्यात आपण लुडबूड करायची नाही. योगनिद्रा असेल तर लोकांना मॅडमचा आवाज ऐकायचाय, तुमचं काम फक्त मागे राहायचं. साधं श्वासावरचं ध्यान किंवा शवासन असेल तिथे मात्र तुम्हाला खरी मोकळीक आहे.

आता मुद्द्याचं. अ‍ॅप निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो, सा माझ्या हातात आहे का, म्हणजे तो हव्या त्या पट्टीत लावता येतो का. आवाज किती आहेत, इफेक्ट किती, इंटरफेस किती देखणा ते सगळं नंतर. कारण क्लासमधे बहुतेक वेळा सुरुवातीला किंवा शेवटी ओंकार होतो, मॅडम त्यांच्या पट्टीत लावणार, समजा काळी चार किंवा काळी पाच (पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून), आणि तुमचं अ‍ॅप सी मेजरमधे गुणगुणत बसलं तर अख्ख्या हॉलला अस्वस्थ वाटतं, का ते कुणाला सांगता येत नाही पण वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी मॅडमना एकदा ओंकार लावायला सांगायचा, पट्टी शोधायची आणि त्या पट्टीत तानपुरा लावून ठेवायचा.

तानपुऱ्याची अ‍ॅप्स भरपूर आहेत. अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड साधं आणि पुरेसं आहे. आयफोन-आयपॅडवर आयतबला प्रो गाणारे लोक वर्षानुवर्षं वापरतायत. आपल्या पुण्याच्या संदीप रानडेंचं नादसाधना पण आहे, त्याला २०२१ मधे अ‍ॅपलचं डिझाइन अवॉर्ड मिळालं, ते मुळात गाणाऱ्यांच्या रियाजासाठी आहे, सूर बरोबर लागला की नाही ते तिथल्या तिथे दाखवतं. तुम्हाला ध्यानाला लावायला त्याची गरज नाही पण स्वतःचा कान तयार करायला जरूर वापरा.

आणि इथे एक गोम आहे जी अँबियंटवाले परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत कारण त्यांना तानपुरा लावायचाच नसतो. काळी एकचा तानपुरा घेतला तर खर्जाची (सगळ्यात खालच्या साची) तार साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर, बोलते, आणि त्याच तारेतून जो स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो तो तिच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ हर्ट्झच्या आसपास. सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या) अ‍ॅपमधला गंधार मात्र पियानोच्या हिशोबाने ३४९ च्या थोडा वर असतो, १४ सेंट चढा (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधे शंभर सेंट). दोन्ही एकत्र लांबवले की सेकंदाला अडीच-तीन वेळा हेलकावा येतो, गाण्यात ते खपून जातं कारण स्वर पुढे सरकतो, पण अँबियंटमधे एकच स्वर अर्धा-अर्धा मिनिट धरलेला असतो त्यामुळे ती थरथर डोक्यात जाते. पंचमाला हा त्रास जवळपास नाही, तिथे फरक फक्त दोन सेंटचा. तर एकतर पॅडवर (सिंथचा लांब धरायचा मऊ आवाज) गंधार लांबवूच नका, सा, रे, प, वरचा सा एवढ्यावर अर्धा तास आरामात निघतो, नाहीतर असं अ‍ॅप घ्या ज्यात स्वरांचं ट्यूनिंग बदलता येतं. आयपॅडवर जिओश्रेड त्यासाठी चांगलं आहे, महेश राघवन त्यावर कर्नाटकी रागदारी कशी वाजवतात ते बघा म्हणजे काचेवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कशी निघते ते कळेल. हार्मोनियम येते म्हणालात, पण पियानोच्या हिशोबाने लावलेली पेटी असेल तर तिच्या गंधाराचं पण हेच दुखणं आहे, पेटीवाल्यांना हे नवीन नाही.

मालकंस रागासारखं काही मनात असेल तर तानपुरा पंचमाऐवजी मध्यमावर लावा, हे तुम्हाला माहीत असेलच.

यावर माझा सगळ्यात आवडता उपाय अगदी स्वस्तातला आहे. एका कानात इयरफोनवर तानपुरा लावायचा आणि कोआला सॅम्पलरमधे फोनच्याच माइकवर 'आ'कारात एकेक स्वर गायचा, लांब, हलक्या आवाजात. गळा बरा नसला तरी चालतो कारण नंतर तो खाली आणून रिव्हर्बमधे (मोठ्या हॉलसारखी घुमणारी गुंज) बुडवायचाच आहे. तानपुऱ्याशी जुळवून गायलेला गंधार आपोआप बरोबर जागी बसतो आणि बाजारातला कुठलाही पॅड तुमच्या खोलीत, तुमच्या पट्टीत गायलेल्या स्वराएवढा जवळचा वाटत नाही. कोआला अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर आहे, किंमतही फार नाही, आणि त्यातल्या प्रत्येक पॅडला (स्क्रीनवरच्या बटणाला) लूप लावता येतो, म्हणजे तोच आवाज परत परत वाजत राहतो.

लूप करताना सगळे सारख्या लांबीचे करू नका. समजा एक स्वर १७ सेकंदांचा लूप, दुसरा २३ चा आणि तिसरा २९ चा (प्रत्येकात पुढे-मागे भरपूर शांतता धरून), तर तिन्ही एकत्र सुरू केल्यावर परत तसेच्या तसे जुळून यायला तीन तासांच्या वर वेळ लागतो, तुमचा अख्खा क्लास संपेल पण तीच जुळणी परत येणार नाही. अँबियंटवाला संगीतकार ब्रायन ईनोने १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' अल्बममधे टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांनी हेच केलं होतं. आयपॅडवर हे करायला लूपी प्रो आहे, किंवा ब्रॅम बॉसचं गॉस नावाचं टेप लूपर आहे, पण तत्त्व तेच, कोआलातही होतं.

ईनोचा विषय निघाला म्हणून, त्याचं आणि पीटर चिल्व्हर्सचं ब्लूम (२००८ पासून आहे) बरेच जण सुचवतील. सुंदर आहे, वाद नाही. बोट टेकवलं की स्वर उमटतो, परत परत येतो, हळूहळू विरतो. पण मूड निवडता येतो, 'काळी चारमधे वाज' असं सांगता येत नाही, म्हणून तानपुऱ्याबरोबर ते जमत नाही, एकटं लावलं तर छान. ईनोचंच रिफ्लेक्शन हे अ‍ॅप तर स्वतःच वाजत राहतं, तुम्ही फक्त सुरू करायचं, मग तुम्ही तिथे बसून काय करणार? लाइव्ह वाजवायचा एकच फायदा आहे की मॅडम बोलायला लागल्या की तुम्ही खाली जाता, कुणी खोकलं, बाहेर रिक्षा ओरडली, हॉल अस्वस्थ झाला तर थोडं भरता, आणि सगळे स्थिर झाले की काढून घेता. ज्या अ‍ॅपमधे हे एका बोटाने, स्क्रीनकडे फारसं न बघता, करता येत नाही ते माझ्या मते या कामाचं नाही. सहा बारीक स्लायडर आणि मेनूच्या आत मेनू असलेलं अ‍ॅप कितीही भारी असो, अंधारात चष्म्याशिवाय वापरून बघा आणि मग ठरवा.

काढून घेणं म्हणजे नुसता व्हॉल्यूम कमी करणं नाही. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता मुख्यतः हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, तिथे तुमचा चकचकीत पॅड बसला की मॅडमना आवाज चढवावा लागतो आणि ध्यानाची वाट लागते. त्यामुळे लो-पास फिल्टर (वरचे, चकचकीत स्वरांश कापणारा) हाताशी पाहिजे, बोलणं सुरू झालं की फिल्टर खाली, थांबलं की अगदी हळू वर. गॅरेजबँडमधल्या अल्केमी सिंथमधे बोटाने सरकवायचा चौकोन असतो त्याने हे छान जमतं, कोआलाच्या इफेक्टमधेही फिल्टर आहे.

पण खाली म्हणजे किती खाली? छोटा ब्लूटूथ स्पीकर ६९ हर्ट्झचा खर्ज खरं तर वाजवूच शकत नाही. तानपुऱ्याचा खर्ज तरीही ऐकू येतो कारण त्याचे वरचे स्वरांश भरपूर असतात आणि कान बाकीचं भरून काढतो, पण सिंथमधला गुळगुळीत साइन वेव्हचा (वरचे स्वरांश नसलेला) खर्ज त्या स्पीकरवर चक्क गायब होतो. घरी हेडफोनवर छाती भरून येते आणि हॉलमधे काहीच नाही. म्हणून आवाज निवडताना क्लासच्याच स्पीकरवर ऐकून निवडा.

ब्लूटूथ शक्यतो नकोच. बोट आणि आवाज यात दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो, पॅडला चालेल एकवेळ, पण घंटी किंवा तार छेडायची असेल तर हात चुकतो, शिवाय काही स्पीकर फार हळू आवाज असला की झोपी जातात आणि मग जागे होताना टुंग करतात. वायर वापरा. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचं कनेक्टर मिळतं. वाजवताना चार्जर लावू नका, बऱ्याचदा त्यातून घरघर येते, घरूनच फुल चार्ज करून न्या. अँड्रॉइडवर दोन अ‍ॅप एकावेळी वाजवायला गेलं तर कधीकधी एक दुसऱ्याला गप्प करतं, फोनवर अवलंबून आहे, त्यामुळे मी तानपुरा जुन्या फोनवर आणि वेगळ्या स्पीकरवर हॉलच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतो. याने अजून एक फायदा होतो, मुख्य फोन मधेच अडकला तरी तानपुरा चालू राहतो आणि कुणाला कळतही नाही. तानपुरा कोआलात रेकॉर्ड करूनही चालेल, फक्त कापताना आवर्तन पूर्ण होईल तिथेच कापा, नाहीतर दर वेळी ठेच लागल्यासारखं होतं.

आयपॅडवाल्यांना हा त्रास कमी. एयूएम म्हणजे एक मिक्सर आहे ज्यात बाकीची सिंथ आणि इफेक्ट अ‍ॅप्स आत उघडतात, प्रत्येकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) समोर दिसतो. त्यात ब्रॅम बॉसचंच मोनोनोके (ड्रोनसाठी, म्हणजे एकसारख्या धरलेल्या स्वरासाठी, फार छान), एक रिव्हर्ब आणि शेवटी एक लिमिटर (आवाज ठराविक मर्यादेच्या वर जाऊ न देणारा), एवढं पुरे. लिमिटर सोडू नका, डिलेचा (प्रतिध्वनीच्या इफेक्टचा) फीडबॅक चुकून पूर्ण वर गेला की आवाज स्वतःच वाढत जातो. फरशी आणि रिकाम्या भिंतींचा हॉल असेल तर रिव्हर्ब निम्मा करा, हॉल स्वतःच भरपूर देतो. एकदा सेटअप चालला की क्लासच्या आठवड्यात काहीही अपडेट करायचं नाही, आयओएस ११ आली तेव्हा २०१७ मधे जुनी ३२-बिट अ‍ॅप्स एका फटक्यात बंद पडली होती, तेव्हापासून मी याबाबतीत सनातनी आहे.

वाजवायला बसायच्या आधी विमान मोड, डू नॉट डिस्टर्ब, स्क्रीन लॉक बंद, ब्राइटनेस तळाला. आणि अलार्म! विमान मोडमधे अलार्म वाजतो, सकाळी साडेसहाच्या क्लासला हे विसरू नका. अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग आणि आयफोनवर गाइडेड अ‍ॅक्सेस लावलं की बोट घसरून अ‍ॅपबाहेर जाणं थांबतं. फुकट अ‍ॅप्समधे जाहिराती असतील तर ती या कामाला बाद.

पंखे चालू असताना आवाज ठरवला आणि शवासनात मॅडमनी पंखे बंद केले तर तोच आवाज एकदम मोठा वाटतो, त्यावर लक्ष ठेवा. संपवताना भसकन थांबवू नका, लोक दचकतात. आधी पॅड काढा, मग एकेक लूप, तानपुरा शेवटी, मिनिट-दीड मिनिट घ्या, आणि संपवायची खूण मॅडमबरोबर आधी ठरवा.

कुणीतरी ४३२ हर्ट्झ लावा, ५२८ लावा म्हणून मागे लागेलच. भांडू नका, पण त्यावर अ‍ॅपही विकत घेऊ नका. नेहमीचा ४४० (पाश्चात्य 'ए' स्वराचा) हाही मुळात लोकांनी ठरवलेला आकडा आहे आणि आपल्याकडे सा नेहमी गळ्यावर ठरत आलाय, आकड्यावर नाही. बायनॉरल बीट्सचं अ‍ॅपही हॉलमधे लावून उपयोग नाही, त्यासाठी दोन कानांत दोन वेगळे स्वर जावे लागतात, म्हणजे प्रत्येकाला हेडफोन. स्पीकरवर ते हवेतच मिसळतं.

पैशांचं म्हणाल तर तुमच्या जागी मी आयपॅड आत्ता घेणार नाही. आहे त्या फोनवर कोआला घ्या, जुना फोन तानपुऱ्याला लावा आणि उरलेल्या पैशात जरा मोठ्या कोनचा (आतल्या पडद्याचा), वायरने जोडता येणारा एक स्पीकर घ्या. सहा महिन्यांनी क्लास चालू असेल आणि फोनवर हात तोकडा पडतोय असं वाटलं तर आयपॅड, आणि तो घेताना हेडफोन जॅक असलेलं जुनं मॉडेल बघा, नववी जनरेशन चालेल.