हिणकस नाणं की खोटं नाणं?

प्रश्न असा आहे: तिसऱ्या शतकात रोमच्या नाण्यांतली चांदी घटत गेली, त्या नाण्यांना मराठीत ‘खोटी नाणी’ म्हणावं का?

नको, ‘हिणकस’ म्हणावं. हीण म्हणजे सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू आणि कस म्हणजे कसोटीवर ठरणारी शुद्धता. हिणकस नाणं सरकारी टांकसाळीतूनच निघतं, फक्त त्याचा कस उतरलेला असतो. खोटं नाणं पाडणाराच वेगळा असतो.

रोमचा बादशहा काराकाला याने इ.स. २१५ साली काढलेला अँटोनिनियानस, हे चांदीचं नाणं, घ्या. बादशहाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट, राणीचं नाणं असेल तर खांद्यांखाली चंद्रकोर. चालवला बहुधा दोन डेनारियसच्या, म्हणजे रोमच्या आधीच्या चांदीच्या नाण्यांच्या, भावाने, चांदी मात्र जेमतेम दीड डेनारियसची. (डेनारियसला ‘दीनार’ लिहू नये. शब्द मूळचा तोच, पण गुप्तांच्या लेखांतला दीनार सोन्याचा.) सुरुवातीला निम्मी चांदी होती. बादशहा गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या अखेरीस, २६८च्या सुमारास, ती शेकडा पाचाच्याही खाली आली.

‘मुलामा’ हा शब्दही इथे जपून वापरावा. निम्म्या चांदीच्या चकत्या तापवल्या की वरच्या थरातलं तांबं काळं पडतं. आम्लात टाकल्यावर ते निघून जातं आणि पृष्ठभागी चांदीची साय उरते. ती आतूनच आलेली असते, बाहेरून चढवलेली नसते. म्हणून नुसत्या वरवरच्या तपासणीत कस फुगवून दिसतो, खरा आकडा हवा तर गाभ्यातला नमुना लागतो. खोटं पाडणाऱ्यांची एक जुनी रीत याहून निराळी: तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा बसवून ठसा मारायचा. त्याला ‘मढवलेलं नाणं’ म्हणावं. कड झिजली की आतलं तांबडं उघडं पडतं.

हिणकस आणि खोटं हा भेद त्या काळीही लोक पाळत होते. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसचा २६० सालचा एक पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख) आहे. सराफांनी बादशाही नाणं घ्यायचं नाकारून पेढ्या बंद केल्या होत्या. अधिकाऱ्याचा हुकूम निघाला की पेढ्या उघडा आणि निखालस खोटं सोडून सगळं नाणं घ्या. तिथलं चलन अँटोनिनियानस नव्हे, हिणकस चांदीचं टेट्राड्राक्म नावाचं नाणं होतं, पण मुद्दा तोच. हुकमातल्या ‘सोडून’च्या आधी ‘खोटं’ आहे आणि ‘सगळं’मध्ये हिणकस आलं. दोन्हींना ‘खोटं’च म्हटलं, तर त्या हुकमाचं भाषांतरच करता येणार नाही.