जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह आणि लांबचा प्रवास

प्रश्न : माझी छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी 25 वर्षांची आहे. काही हजार किलोमीटरच्या प्रवासापूर्वी काय तपासावे?

उत्तर : इंजिनाआधी रबराकडे पाहावे, कारण गाडी नुसती उभी असली तरी रेडिएटरचे पाइप, पट्टे आणि टायर म्हातारे होतच असतात. टायरच्या बाजूवरील कोडचे शेवटचे 4 अंक 2318 असतील, तर तो 2018 च्या 23व्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षी शाबूत दिसली तरी अशा टायरवर भिस्त ठेवू नये. ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेट्या) यांचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडून (फोर-व्हील-ड्राइव्ह लावून) पाहायची ती मोकळ्या मातीवर, कोरड्या डांबरावर नव्हे. टपावर जड सामान मात्र लादू नये.