परसातील वेधशाळा आणि काळ्या मातीतला खांब

तुमचा प्रश्न वाचला आणि माझाच एक वाया गेलेला हिवाळा आठवला. नागपूरच्या बेसा भागातील घरामागे तुम्ही मार्चमध्ये आरसीसीचा खांब उभारला, त्यावर इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) आणि आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण बसवली, मे महिन्यापर्यंत सारे सुरळीत चालले; पावसाळा संपल्यावर दिवाळीत छप्पर सरकवले तर तारा दृष्टिक्षेत्रात टिकेना. ध्रुवीय जुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे, दुरुस्त केली तरी तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा बिघडते, म्हणून माउंट विकून नवे घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. एवढ्यात घेऊ नका आणि आहे ते उघडूही नका. आधी मिस्त्रीकडून पाणसळ (स्पिरिट लेव्हल) आणून खांबाच्या माथ्यावर ठेवा.

ध्रुवीय जुळणी आणि कॉलिमेशन (दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणे) तुम्हाला येते हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझे घर उमरेड रस्त्याच्या बाजूला आहे आणि तिथली जमीन काळी, कपाशीची. २०१८ च्या फेब्रुवारीत खड्डा खणायला घेतला तेव्हा माझ्याजवळ परदेशी हौशी निरीक्षकांचे आराखडे होते. थंडीत जमिनीतील पाणी जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्या खाली पाया न्यावा, अशी सूचना त्या सर्वांत होती. मी हिशेब केला की नागपुरात जमीन कधीच गोठत नाही, तेव्हा तीन फूट म्हणजे चैनच झाली. मिस्त्रीने खड्ड्यातले ढेकूळ हातात फोडून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, काळी जमीन आहे. मुरूम लागेपर्यंत जाऊ द्या, नाहीतर ही माती खांबाले सुखानं राहू देणार नाही.” मी त्याला आराखड्याची छापील प्रत दाखवली. तो काही बोलला नाही, आणि मजुरीचे दोन दिवस वाचले म्हणून मी खूश झालो. या छंदात मी केलेल्या साऱ्या चुकांत ही सर्वांत महाग पडली.

गोठण्याची खोली हा त्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे. आपल्या जमिनीचा प्रश्न फुगण्याचा आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे दरवर्षी ही माती पूर्ण फुगते आणि पूर्ण आकसते. खांब सरळ वर उचलला जाऊन सरळ खाली बसला असता तर आपले फारसे बिघडले नसते. पण ओलावा चारही बाजूंना सारखा नसतो. माझ्या खांबाच्या एका अंगाला लिंबाचे झाड होते, त्याला रोज पाणी मिळे, आणि दुसऱ्या अंगाला वेधशाळेच्या फरशीखालची कोरडी जमीन होती. खांब कलणारच होता.

किती कलला म्हणजे बिघडते, हे आकड्यांत पाहा. सव्वा मीटर उंच खांबाचा माथा एक सेंटिमीटर बाजूला गेला की जवळजवळ अर्धा अंश झाला, म्हणजे पूर्ण चंद्राची रुंदी. ध्रुवीय अक्ष अर्धा अंश चुकला असेल तर तारा एका मिनिटात सुमारे ८ विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकू शकतो. डोळ्यांनी गुरू पाहताना हे फारसे जाणवत नाही, परंतु पाच मिनिटांच्या छायाचित्रात प्रत्येक ताऱ्याची रेघ होते.

हे तेव्हा मला कळले नाही, कारण मी जमिनीकडे पाहिलेच नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी माउंटचे ग्रीस बदलले, वर्म गिअर घट्ट केला, सैल केला, मोटरची वायर बदलली. मग माउंट दुसऱ्या शहरातील एका दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवले. त्याने ते तीन महिने ठेवून घेतले, फोनवर दर आठवड्याला “पुढच्या आठवड्यात” एवढेच सांगितले, आणि अखेर ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह आणि घसघशीत बिलासह परत केले. नागपूरचे आकाश ज्या काळात सर्वांत चांगले असते तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ गेला. मृग नक्षत्रातील तेजोमेघ त्या वर्षी मी साध्या द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) पाहिला. माउंट निर्दोष असल्याचे त्याने खरे सांगितले हे मान्य करतो, पण तेवढे सांगायला तीन महिने लागू नयेत. एप्रिलमध्ये खांबाच्या बुडाशी भेग पडली आणि तिच्यात फूटपट्टी दहा इंच आत गेली, तेव्हा कुठे मी पाणसळ आणून लावली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता.

आणखी एक खूण मला तेव्हाही ठाऊक होती, पण मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. तारा पूर्व-पश्चिम दिशेत ठरावीक मिनिटांनी पुढेमागे डोलत असेल तर संशय गिअरवर घ्यावा. तो उत्तर किंवा दक्षिणेकडे एकाच दिशेने संथपणे सरकत राहत असेल तर दोष बहुधा ध्रुवीय जुळणीचा असतो, आणि जुळणी दर महिन्याला बिघडत असेल तर खांबाचा. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो.

२०१९ च्या मे महिन्यात मी खांब फोडला. त्याच मिस्त्रीला बोलावले. त्याने एका शब्दानेही जुने उगाळले नाही. या वेळी घट्ट मुरूम लागेपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट गेलो, पाया त्या मुरमात बसवला, आणि वर येणाऱ्या खांबाभोवती माती पुन्हा न दाबता रेतीचा थर भरला, म्हणजे फुगलेली माती खांबाला धरून उचलणार नाही. रेतीत पावसाचे पाणी मुरू नये म्हणून वर उतार देऊन कोबा केला. मात्र तो आणि वेधशाळेची फरशी, दोन्ही खांबापासून इंचभर लांब ठेवली आणि ती फट डांबराने भरली. फरशी खांबाला टेकली तर तुमचे प्रत्येक पाऊल आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) दिसते. लिंबाचे झाड तोडणे जिवावर आले, म्हणून त्याचे आळे दुसऱ्या बाजूने वाढवले आणि खांबाकडच्या अंगाला पाणी घालणे बंद केले. तेव्हापासून वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास जुळणी तपासतो आणि ती नखभर बदलावी लागते.

मी अभियंता नाही, हे कृपया लक्षात ठेवा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला कंदासारखा फुगवटा असलेला जमिनीतला खांब, हा मार्ग आहे. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो अशाच जमिनींसाठी विकसित केला आणि घरांच्या पायात तो सर्रास वापरतात. त्याची खोली आणि सळई एखाद्या स्ट्रक्चरल अभियंत्याकडून ठरवून घ्या. तुमच्या प्लॉटवर भराव असेल किंवा दोन फुटांवरच मुरूम असेल तर माझे बरेचसे सांगणे तुम्हाला लागू होणार नाही. चारच फूट बाजूला एक बारीक खड्डा घेऊन पाहिले की ते कळेल.

माझे मत थोडे कडवट वाटेल, पण लोक दुर्बिणीवर जेवढा विचार करतात त्याच्या दशांश विचारही जमिनीवर करत नाहीत. आठऐवजी सहा इंची आरसा घ्यावा आणि उरलेले पैसे जमिनीखाली घालावेत.

उत्तरेची भिंत उंच करण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. करू नका. नागपूरचे अक्षांश २१ अंशांच्या किंचित वर आहेत, म्हणून जुळणीसाठी लागणारा ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच उंच दिसतो. पंधरा मीटरवरच्या शेजाऱ्याची इमारत तुमच्या दुर्बिणीच्या पातळीहून पावणेसहा मीटर वर गेली तरी तो झाकला जातो. तसे झालेच तर मध्यमंडलाजवळच्या (उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेषेजवळच्या) आणि मग पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाकडच्या ताऱ्याचे सरकणे पाहून जुळणी करता येते, मात्र त्यात संध्याकाळ जाते. त्याउलट दक्षिण बाजू जितकी मोकळी ठेवता येईल तितकी ठेवा. अगस्त्य हा तारा आपल्याकडे सोळा अंशांपर्यंत वर येतो आणि ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एकवीस अंशांपर्यंत. उत्तरेकडील देशांतले निरीक्षक यासाठी हळहळतात.

छपराबद्दल थोडक्यात: सरकते छप्परच ठीक आहे, पत्र्याला पांढरा रंग द्या आणि एप्रिल-मेमधल्या अवकाळी वादळासाठी चारही कोपऱ्यांना खाली ओढून धरणारे बोल्ट लावा. पावसाळ्यात आरसा आणि आयपीस घरात आणून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. उन्हाळ्यात घराचा कूलर वेधशाळेच्या दिशेने ठेवू नका. त्याची दमट हवा आरशासमोरून वाहते आणि तारा उकळल्यासारखा दिसतो.

रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्याला टोपी बसवून मिळेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. संबंधित कार्यालयात मी अकरा वेळा गेलो. पहिल्या खिडकीवर तक्रार दिवा बंद असल्याची आहे का असे विचारत, मी दिवा फार चालू असल्याची आहे असे सांगे, आणि नोंदवहीत तसा रकानाच नसे. अखेर मी स्वतःच्या कुंपणाच्या आत बांबूंवर काळे शेडनेट ताणले. दोन हजारांच्या आत काम झाले आणि दिवा दुर्बिणीपासून पूर्ण झाकला गेला. आकाशातला शहराचा उजेड त्याने कमी होत नाही, हे उघड आहे. अंधुक आकाशगंगांसाठी मी आजही अमावस्येच्या आसपास पेंचच्या बाजूला जातो. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (काळोखे आकाश जपणारे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, ती उगाच नव्हे.

तेव्हा पाणसळ खांबावर आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम अशी ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते तारखेसह लिहून ठेवा, आणि दर रविवारी हेच दीड महिना करा. खड्डा किती फूट घेतला होता आणि खाली काय लागले होते, हे मिस्त्रीला विचारून इथे कळवा. त्यानंतरच माउंटबद्दल बोलू.