इमजिन युद्ध : वाचकांचे प्रश्न

जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

प्रश्न : तीन आठवड्यांत राजधानी पडली. कोरियाचे सैन्य इतके दुबळे होते का?

दुबळे कमी, बेसावध जास्त. बुसानला उतरलेले जपानी शिपाई शतकभराच्या यादवीत तयार झालेले, हाती तोड्याच्या बंदुका. त्यात सेनापती शिन रिपने जोर्योंगची अवघड खिंड मोकळी सोडली आणि चुंगजूजवळ पाठीशी नदी घेऊन घोडदळ उभे केले. माझ्या मते राजधानी तिथेच गेली.

प्रश्न : कासव-जहाजांवर लोखंडी पत्रा होता का? युद्ध त्यांनीच जिंकले ना?

कासव-जहाजे म्हणजे वरून छताने झाकलेली कोरियाची लढाऊ जहाजे. त्या छतावरच्या लोखंडी खिळ्यांबद्दल कोरियाच्या दर्यासारंग यी सुन-शिनने स्वतः लिहिले आहे. पत्र्याबद्दल त्याच्या लेखनात काही नाही. शिवाय ही जहाजे मोजकीच होती. खरा भार पेलला तो पानोकसन या साध्या लढाऊ जहाजांनी, आणि त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही याचे मला वाईट वाटते. तळ सपाट, त्यामुळे जागच्या जागी वळणारे. वल्हेकरी खालच्या मजल्यावर सुरक्षित, वर तोफा. जपान्यांची रीत शत्रूच्या जहाजाला भिडून त्यावर चढण्याची. यीच्या तोफांनी त्यांना जवळच येऊ दिले नाही. १५९२ मध्ये हानसान बेटापाशी त्याने त्यांना चिंचोळ्या खाडीतून उघड्या समुद्रात ओढले, बगळ्याच्या पंखांसारखी फळी पसरून घेरले आणि सत्तरएक जहाजांपैकी बहुतेक बुडवली किंवा पकडली. पश्चिम किनाऱ्याने रसद नेण्याचा जपानी बेत तिथे संपला. प्योंगयांगपर्यंत पोहोचलेली फौज त्यामुळेच अडकली.

प्रश्न : १३ जहाजांनी १३३ जहाजे परतवली, ही दंतकथा का?

नाही. १३३ हा आकडा यीच्या रोजनिशीतला आहे. दरबारी कारस्थानाने त्याला पदावरून काढले होते. त्याच्या जागी आलेल्या वोन ग्यूनने चिलचोल्यांगच्या सागरी लढाईत जवळजवळ सगळे आरमार गमावले. उरलेल्या जहाजांनिशी यी १५९७ मध्ये म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत उभा राहिला. तिथल्या अरुंद वाटेत, जोरदार प्रवाहात शत्रूला सगळी जहाजे एकदम पुढे आणता येईनात. सुरुवातीला त्याचे स्वतःचेच जहाज एकटे लढत होते, बाकीची मागे रेंगाळत होती, हेही त्याने नोंदवले आहे.

प्रश्न : मग जिंकले कोण?

हिदेयोशी १५९८ मध्ये वारला आणि जपानी फौजा परतल्या. जमिनीचा तुकडाही त्यांना राखता आला नाही. म्हणून मी कोरिया म्हणेन, पण मिंग घराण्याच्या चीनची मदत आणि गावोगावच्या स्वयंसेवकांच्या टोळ्या विसरू नयेत. किंमत मात्र भयंकर : गावे जळाली, हजारो लोक कैदी म्हणून जपानात गेले. त्यांत कुंभारही होते. जपानातल्या आरिता गावची प्रसिद्ध चिनी मातीची भांडी त्यांच्याच हातची.