पावसाळ्यात गोव्यात फिरताना मोबाइलवर निसर्गाची चांगली छायाचित्रे कशी काढावीत?

पहिली अडचण धुक्याची नसून काचेची असते. वातानुकूलित गाडीतून उतरताच थंड लेन्सवर दमट हवेतील बाष्प साचते आणि सगळे चित्र दुधाळ येते. म्हणून उतरण्यापूर्वी दहा मिनिटे गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खिशात सुती रुमाल असावा.

ढगाळ दिवशी आभाळ पांढरेफटक आणि भातशेती काळपट येते. अशा वेळी पडद्यावर भातशेतीवर बोट दाबून धरावे, उजेड थोडा कमी करावा आणि चौकटीत आभाळाला जेमतेम पाव जागा द्यावी.

दूधसागर धबधबा सुमारे ३१० मीटर उंच असला, तरी केवळ तो पाहण्यासाठी रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणे बेकायदेशीर आणि जिवावर बेतणारे आहे. त्यापेक्षा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे, असे मी सुचवेन. तिथल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीच्या, बांधावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, की खाडीचे पाणी अडवणारी मानशीची (बांधातल्या पाणदाराची) लाकडी दारे, त्यांवरचे शेवाळ आणि दारापाशी ताटकळणारा बगळा हे सारे एका चौकटीत सापडते. झूम मात्र टाळावे, कारण बोटांनी ताणलेल्या चित्रात बगळ्याची पिसे पुसट होतात. शक्य तेवढे स्वतःच हळूहळू पुढे सरकावे आणि बगळा मान ताठ करू लागला, की तिथेच थांबावे.